डावी रायफल

आमच्यात माणूस गेल्यावर वर्ष होईपर्यंत घरात नवी वस्तू येत नाही. सणाला तळण होत नाही, दाराला तोरण लागत नाही. मी हे सगळं पाळलं. पाळताना जड गेलं नाही, कारण मला काही नवं नकोच होतं. रायफलचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा मी या नियमाकडे नियम म्हणून पाहिलं.

हे गेले ते गणपती उठल्यावर, आठवडाभराच्या तापाने. नवागाममधल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर मी आणि मुलगी उरलो. खाली यांचे थोरले भाऊ. मी त्यांना भाऊच म्हणते, मुलगी मोठे पप्पा म्हणते. ते धुळ्याकडून सुरतेला आले ते लूमवर, आणि लूम मास्टर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या कारखान्यात नवी मशीन आली की पहिलं तेल त्यांच्या हातचं. घरातला पंखा असो, मुलीची सायकल असो, की माझं शिलाई मशीन, त्यांनी तेल दिल्याशिवाय आमच्याकडे काही चालू झालेलं नाही.

हे सुरतेजवळच्या सचिन गावात एका मिलमध्ये साड्यांच्या फोल्डिंग खात्यात होते. घरी येताना साड्यांचे गठ्ठे आणायचे, लोंबते धागे कापायला. या कामाचे पैसे पगाराशिवाय वेगळे मिळतात. मुलगी अभ्यास झाला की त्यांच्याजवळ बसून धागे कापायची. तापीपलीकडच्या एका शाळेतल्या क्लबमध्ये तिने रायफल नेमबाजी सुरू केली, ती हवेच्या दाबावर चालणारी, परवाना न लागणारी रायफल, तेव्हापासून धाग्यांचे पैसे तिच्या नावाच्या खात्यात जायला लागले. एकदा हे रेंजवर बसून तिचा सराव बघत होते. निघताना त्यांनी तिला शिकवणाऱ्या सरांना विचारलं, "ही घरी सगळं डाव्या हाताने करते. इथे उजव्या खांद्यावर का धरते?"

सर म्हणाले, "क्लबच्या सगळ्या रायफली उजव्या आहेत."

त्या दिवशी घरी येताना हे रिक्षात एवढंच म्हणाले, "आपण डावी घेऊ." पुढे दोन पावसाळे बापलेकीने धागे कापले. मी त्यांना वाचून दाखवायचे, कधी वर्तमानपत्र, कधी मी शिकवते त्या शाळेच्या वाचनालयातलं पुस्तक. कात्रीचा बारीक आवाज आणि मध्येच यांचा प्रश्न, "मग पुढे काय झालं?" आता मी मनातच वाचते.

चैत्रात सरांचा फोन आला. बडोद्याचा एक डावरा मुलगा शिकायला परदेशी निघाला होता आणि रायफल विकत होता. नवी मागवायची तर आमच्या आवाक्याबाहेर होती. वापरलेली, चांगली आणि डावी अशी पुन्हा कधी मिळेल, सर सांगू शकत नव्हते. राज्याची निवड चाचणी शाळा उघडताना होती. आखाजीपर्यंत तो मुलगा थांबणार होता. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आम्हा खानदेशातल्या माणसांचा दिवाळीपेक्षा मोठा सण. पण वर्ष पुरं व्हायला तेव्हा अजून चार-पाच महिने उरणार होते.

खाली जाऊन मी भाऊंना सांगितलं. ते ओट्यावर बसून चहा पीत होते.

"वरीस व्हऊ दे," ते म्हणाले. "मंग तोफ ली ये."

"वर्षानंतर ती रायफल मिळायची नाही, भाऊ. आणि ती नवी नाही, वापरलेली आहे."

"तुन्या घरमा नवीच ना?" त्यांनी बशी खाली ठेवली. "तू मास्तरीण शे, तुले कोन समजाडी? आनि पोरले बंदूक ली दी ते नवरदेव रस्तामाईनच पळी जाई."

मुलगी जिन्यात उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "पळणारा नवरदेव कशाला हवाय, मोठे पप्पा?"

भाऊंना हसू आलं, पण ते त्यांनी चहात बुडवलं. "नही म्हनजे नही," म्हणाले आणि आत गेले.

त्यांचं दुःख मला ठाऊक होतं. धाकट्या भावाला त्यांनीच सुरतेला आणलं होतं, त्यांनीच कामाला लावलं होतं, आणि खांदाही त्यांनाच द्यावा लागला. वर्ष पाळणं एवढंच आता त्यांच्या हातात उरलं होतं. ते मोडायचं तर त्यांच्या पाठीमागे मोडायचं नाही, असं मी ठरवलं. मुलगी म्हणाली, रायफल घ्यायची आणि क्लबच्या कपाटात ठेवायची, मोठ्या पप्पांना कळणारही नाही. मी नको म्हटलं. तिच्या बापाने जी वस्तू ठरवली ती चोरून आणायची नाही. ती घरात येईल, आणि मोठ्या पप्पांच्या समोर येईल.

आम्ही दोघी आखाजीच्या आधीच्या रविवारी बडोद्याला गेलो. त्या मुलाने रायफल तिच्या हातात दिली. तिने ती डाव्या खांद्याला लावली, गाल टेकवला आणि तशीच राहिली. मला नेमबाजीतलं काही कळत नाही. पण मान इतकी सैल टाकून उभी राहिलेली ती मी पहिल्यांदाच पाहत होते. पैसे तिने स्वतः पाठवले, तिच्या खात्यातून. येताना आम्ही रायफल सरांकडे ठेवली, फक्त आखाजीपर्यंत.

आखाजीला आमच्याकडे पितरांसाठी मातीची घागर भरतात. त्या दिवशी गेलेली माणसं घरी जेवायला येतात, असं मानतात. उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढायची, एकेका माणसाची आठवण काढून एकेक. त्या वर्षी घागर यांच्यासाठी होती. सकाळी भाऊ वर आले. त्यांनी आपल्या आजोबांचं बोट ओढलं, वडिलांचं ओढलं, आईचं ओढलं. मग कुंकवात बोट बुडवून थांबले. बराच वेळ ते बोट तसंच हवेत होतं. शेवटी त्यांनी ते टेकवलं.

मुलगी तेवढ्यात सरांकडून पेटी घेऊन आली होती आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. काळी, लांब पेटी. भाऊंनी ती पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "भाऊ, आज ते घरी येणार ना?"

"येवाव शे."

"तर मग ही त्यांच्यासमोरच येऊ द्या. त्यांनीच ठरवलेली आहे. तुम्ही नाही म्हणालात तर ती उंबरठ्याबाहेर ठेवीन, पण परत पाठवणार नाही."

माझा आवाज चढला नव्हता. शाळेत चढत नाही, तसा घरातही चढत नाही. भाऊ उठले, दारातल्या चपला पायाने बाजूला सारल्या आणि वाट मोकळी करून भिंतीला टेकून उभे राहिले. मुलगी उंबरठ्यावरची ओली बोटं चुकवत आत आली. भाऊंच्या बोटाला कुंकू होतंच. ते त्यांनी पेटीला लावलं.

हे इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी मुलगी रेंजवरून रडवेली होऊन आली. गोळ्या जागेवर लागत नव्हत्या. एक वर, एक खाली. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. सरांनी नळीत कापसाच्या घट्ट गुंडीसारखा बोळा घालून तो दुसऱ्या बाजूने काढला. बोळा पिवळा चिकट झाला होता. त्यांनी वास घेतला.

"बेन, आमां तेल कोणे नाख्युं?"

तेल कोणी घातलं, ते मला वासावरूनच कळलं. शिलाई मशीनला येतो तोच वास. आम्ही दोघी शाळेत असताना भाऊंनी पेटी उघडून तेल दिलं होतं. द्यायचं की नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नव्हता.

घरी जाऊन मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "नवं लोखंड कोरडं चालाडतस का कोनी?" एवढं म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बिघडनी का?"

मुलगी रागात होती. पण लूमवर झिजलेले त्यांचे हात तिने पाहिले आणि म्हणाली, "साफ होईल. तुम्ही चला उद्या."

दुसऱ्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून रेंजवर आले आणि भिंतीजवळच्या खुर्चीत बसले. मुलगी नळीत बोळा घालायची, ढकलायची, काढायची आणि त्यांना दाखवायची. पिवळा. पुन्हा पिवळा. मग फिकट. शेवटी एक पांढरा निघाला तेव्हा त्यांनी तो हातात मागून घेतला, उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी तपासला, जसा पूर्वी कापड तपासत असतील, आणि मानेने पास केला. मग ती डाव्या खांद्याला रायफल लावून उभी राहिली. निशाण्याचा कागद जवळ आणून पाहिला तर छिद्रं एकमेकांना लागून होती.

"आते?" भाऊंनी विचारलं.

"आता बरोबर."

"मंग त्याले सांगी दे," ते म्हणाले. कुणाला, ते आम्ही विचारलं नाही.

चाचणीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तर भाऊ जिन्याखाली उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मुलीने विचारण्याआधीच म्हणाले, "मी हात लायेल नही. पूस तुन्या मायले."

"मग आता लावा," ती म्हणाली आणि पेटीची मूठ त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात धोतराला पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि पेटी उचलून रिक्षापर्यंत आमच्यापुढे चालत गेले.