वरणातले थेंब

थोरल्या भावाच्या वरणात औषध मिसळायची पद्धत आमच्या कांचघर मोहल्ल्यातल्या घरात आईने सुरू केली. कानात आवाज येतात म्हणून मिळालेल्या गोळ्या दादा थुंकून टाकायचा. मग एका डॉक्टरांनी बिनरंगाचे, बेचव थेंब लिहून दिले. आई गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस मी, मापात चुकणं शक्यच नव्हतं. दादाला यातलं काही कळत नाही, याचीही मला खात्री होती.

गेल्या वर्षी मुलीचा साखरपुडा ठरला. नागपूरची मंडळी येणार आणि दादा त्यांच्यासमोर भिंतीशी बोलत बसला तर, या धास्तीने मी त्या दिवशी थेंब दुप्पट केले. समारंभ छान झाला. मुलीच्या बोटात अंगठी गेली तेव्हा दादा आतल्या खोलीत नव्या कुर्त्यात, तोंड उघडं टाकून झोपला होता. कुणी त्याची चौकशी केली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवसापासून त्याने घरचं जेवण सोडलं. बाजारातल्या बड्या फुहाऱ्यापर्यंत चालत जायचा आणि तिथेच काहीबाही खाऊन यायचा. औषध बंद पडलं, बडबड वाढली. लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. तोवर त्याला दवाखान्यात भरती करून टाकायचं, असं मी ठरवलं.

बायको म्हणाली, "भाऊजींना एकदा विचारा तरी."

"त्याला काहून विचारू? तो काय सांगून राहिला?"

मी दादाला सिविल लाइंसच्या दवाखान्यात नेलं. तिथे नवी डॉक्टर होती, माझ्या मुलीच्याच वयाची. मी फाइल उघडून पहिल्यापासून सांगायला घेतलं. तिने मला थांबवलं आणि दादाकडे वळली. "दादाजी, आप क्या चाहते हैं?"

उत्तर मीच दिलं. सवयच तशी.

"सर, मैंने इनसे पूछा है."

दादा मला म्हणाला, "वरणात औषध असते, माहीत आहे मला. आई टाकायची तेव्हापासून. तिला समाधान वाटायचं, म्हणून खाऊन टाकायचो. आता हातात दे, मी घेईन."

इतकी वर्षं मी त्याला फसवत होतो, आणि तो मला सांभाळून घेत होता.

भरतीची गरज नाही, असं डॉक्टरने सांगितलं. पुढे कधी तब्येत बिघडली तर उपचार कसे हवेत, हे आताच लिहून ठेवायचा दादाला कायद्याने हक्क आहे. त्या वेळी त्याच्या वतीने कुणी बोलायचं, तेही तोच ठरवणार. मी खिशातून पेन काढलं. दादाने ते माझ्या हातातून घेतलं आणि माझ्या बायकोचं नाव लिहिलं.

"काहून?" मी विचारलं.

"ती विचारते," तो म्हणाला आणि नावाखाली आणखी काही लिहू लागला.

राग आला. खरं तर लाज वाटली होती, पण आधी रागच आला. डॉक्टरने साक्षीदार म्हणून सही करायला कागद आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मी सरळ खाली सहीच्या जागेवर पेन टेकवलं.

"आधी वाच," दादा म्हणाला.

बायकोच्या नावाखाली दोनच ओळी होत्या. मला न सांगता औषध देऊ नये. पुतणीच्या लग्नात मला जागं राहायचं आहे.