खारात नांगर

त्या गावात शिरताना मला पहिली ओळख पटली ती वासाची. स्टेशनवरून मैत्रिणीच्या वडिलांच्या घोडागाडीतून आम्ही निघालो होतो. दोन्ही बाजूंना सपाट, जवळजवळ निर्वृक्ष जमीन. दूर चर्चचा चौकोनी दगडी मनोरा. आणि आकाश इतके मोठे, की त्याखाली घरे कोणीतरी चुकून ठेवून गेल्यासारखी दिसत. रस्ता वळला आणि वाऱ्याबरोबर कुजट, खारट, गंधकाचा वास आला. ओहोटीला भाईंदरच्या खाडीवर येतो तोच वास. मैत्रिणीने संकोचून सांगितले, की समुद्र ओसरला तरी हा वास काही जात नाही. हा माझ्या घरचा वास आहे, असे मी म्हणाले. तिला ती माझी सभ्यता वाटली.

लंडनच्या प्रयोगशाळेत तिचे आणि माझे टेबल शेजारी होते. ती इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर दुसऱ्याची जमीन कुळाने कसणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी, मी भाईंदरजवळच्या राई गावातल्या, खार म्हणजे खाडीकाठची खारट भातजमीन आणि मिठागर असलेल्या घरातली. दोघी शिष्यवृत्तीवर शिकत होतो आणि दोघींनाही मागे फिरायचे नव्हते. माझा विषय होता खाऱ्या जमिनी. त्या हिवाळ्यात वादळाने तिच्या गावचा समुद्राकडचा बांध फोडला आणि पाणी मैलोगणती शेतांवर चढले. ही बातमी तिने मला सांगितली तेव्हा योग्य ते चार शब्द मी बोलले आणि मग विचारले, की मला तिथल्या मातीचे नमुने मिळतील का. ती हसली. समाचाराला येणाऱ्यांत निदान एकीला तरी काही हवे आहे, असे म्हणाली आणि ईस्टरच्या सुटीत मला घरी घेऊन गेली.

घर विटांचे, बसके होते. आत भिंतींवर कमरेच्या उंचीला एक तपकिरी रेघ होती. पाणी तिथवर चढले होते. मैत्रिणीची आई ती रेघ रोज गोड्या पाण्याने घासून काढी आणि हवा दमट झाली की ती पुन्हा उमटे. मीठ हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे हे असेच चालणार, असे मी समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. "तू म्हणतेस ते खरंच असेल, पोरी," ती म्हणाली, "पण घासलं नाही तर मी दिवसभर बघत काय बसू?" विहीर खारी झालेली असल्यामुळे पिण्याचे पाणी दुधाच्या कॅनमधून येत असे, तरीही चहाला शेवटी मिठाची चव राहायचीच. कुंपणांच्या झुडपांना त्या वसंतात पालवी फुटली नव्हती. चरांच्या काठाने मेलेली गांडुळे पांढऱ्या दोऱ्यांसारखी साचून वाळली होती. पाखरेसुद्धा ती खात नव्हती.

सगळ्या घराचे लक्ष एका गोष्टीकडे लागले होते. जमीन मैत्रिणीच्या वडिलांची नव्हती. त्यांच्या आजोबांपासून ते तिथले कूळ होते. मालक कधी दिसत नसे, त्याचा कारभारी दिसे. शरद ऋतूत वर्ष संपले, की कूळ ठेवायचे की बदलायचे हे कारभारी ठरवी. घराजवळचे मोठे शेत हाच या कुटुंबाचा आधार. ते शेत पाण्याखालून वर आले होते आणि त्याच्या कडांवर मिठाचा पातळ पापुद्रा चमकत होता. आता पुढे काय करायचे, एवढाच प्रश्न होता.

माझ्याकडे त्याचे उत्तर होते, आणि ते पुस्तकातले नव्हते. मी लहान असताना राईला आमचा बांध फुटला होता आणि भरतीचे पाणी भाताच्या खाचरांत दोन उधाणे उभे राहिले होते. वडिलांनी आधी बांध बुजवला, मग बांधातली झडप, म्हणजे उघाडी, दुरुस्त केली, म्हणजे पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर पडेल आणि भरतीचे आत येणार नाही. आणि त्यानंतर दोन वर्षे जमिनीला हात लावला नाही. आमच्याकडे एरवीसुद्धा खारात नांगर घालत नाहीत. भात भिजवून, ढीग करून मोड आणतात. त्याला रहू म्हणतात. पावसाने वरचे मीठ धुऊन काढले, की तो रहू नुसता चिखलावर फेकायचा. खालचे मीठ खालीच राहू द्यायचे. असे का, हे वडिलांना विचारले तर "खार उठवू नये" एवढेच ते म्हणत. त्यामागचे रसायन मी पुढे शिकले. समुद्राचे मीठ चिकणमातीच्या कणाकणाला धरून बसते आणि तिचा भुसभुशीतपणा मारते. अशी माती ओली असताना उलथली, तर तिचा लगदा होतो आणि तो सुकला की वीट बनते.

हे सर्व मी पहिल्याच संध्याकाळी जेवताना मांडले. जिप्समचे खत पसरावे, चर मोकळे ठेवावेत, पाऊस जाऊ द्यावा. एक वर्ष, कदाचित दोन, नांगर घालू नये. मैत्रीण मान हलवत होती. तिच्या वडिलांनी बटाटा सोलायचे थांबवून विचारले, तुमच्याकडे पाऊस किती पडतो. त्यांच्याकडे वर्षभरात पडतो तेवढा आमच्याकडे एका महिन्यात पडतो, असे मी म्हणाले.

"म्हणजे तुमच्याकडे पाऊसच नांगरतो, मिस," ते म्हणाले. "इथं ते काम मला करावं लागतं."

ते हट्टी नव्हते. जिप्सम कोठे मिळते हे त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारले. शेतात माझ्याबरोबर उकिडवे बसून मातीचा गोळा बोटांत मळून पाहिला आणि तो साबणासारखा लागतो, हे स्वतःच म्हणाले. मला खात्री वाटू लागली, की ते थांबतील.

मग रविवार आला. त्या गावात रविवारची प्रार्थना झाली, की बायका घरी जातात आणि पुरुष शेते बघायला निघतात. काही काम नसते. एकेका शेताच्या फाटकावर कोपर टेकून उभे राहायचे आणि आत कोणी कसे नांगरले आहे ते पाहायचे. तास, म्हणजे फाळाने पाडलेली रेघ, सरळ आहे की वाकडे, कडेची पट्टी नीट फिरवली आहे की नाही, यावरून त्या गावात माणसाची किंमत ठरत असे. वाकड्या तासाची गोष्ट नातवंडांपर्यंत पोहोचे. न नांगरलेल्या शेताबद्दल कोणी बोलतही नसे, कारण ते आजाऱ्याचे किंवा दारुड्याचे असायचे.

चर्चमध्ये लोकांनी माझ्या साडीकडे पाहिले आणि लगेच छताकडे पाहिले. एका म्हातारीने मात्र पदराचा काठ चिमटीत धरून, यात थंडी वाजत नाही का, असे विचारले; वाजते, असे मी सांगितले. नंतर मैत्रीण, तिचे वडील आणि मी घराकडे आलो, तेव्हा त्यांच्याच फाटकावर चार-पाच जण कोपरे टेकून उभे होते. त्यांतल्या एका शेजाऱ्याची जमीन उंचावर होती; त्याच्याकडे पाणी पोहोचलेच नव्हते.

"यंदा काय, खेकडे लावणार वाटतं?" तो म्हणाला.

बाकीचे हसले. दुसऱ्याने पुस्ती जोडली, की नांगराऐवजी जाळे आणा, आम्ही ओढू लागतो. मैत्रिणीचे वडीलही हसले. पाहुणीकडे असेच शेत ठेवतात, असे त्यांनी माझ्याकडे हात करून सांगितले. शेजाऱ्याने टोपीला हात लावून मला नमस्कार केला आणि अत्यंत आदराने विचारले, की तिकडे लोक काय खातात. त्याला उत्तर नको होते. तरी मी भात असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी कारभारी मोटारीने आला. सभ्य, नीटनेटका माणूस. समुद्राबद्दल त्याने दुःख व्यक्त केले, हिंदुस्थानातल्या उकाड्याची चौकशी केली, आणि बुटाच्या टोकाने माती उकरत म्हणाला, की पेरणी होईलच म्हणा. मी जिप्समचा आणि थांबण्याचा विषय काढला. तो लक्षपूर्वक ऐकत होता. माझे बोलणे संपल्यावर तो माझ्याशी नव्हे, कुळाशी बोलला. विज्ञानाची प्रगती थक्क करणारी आहे. पण जमीन पडीक टाकणे करारात बसत नाही, आणि मालकांना पडीक जमीन बघवत नाही.

मंगळवारी सकाळी दोन घोडे बाहेर काढले गेले. मैत्रीण वडिलांपुढे जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला होता. शिकायला पाठवले आणि आता ऐकायचे नाही, असे काहीसे ती म्हणाली. त्यांनी तिला हाताने हळूच बाजूला केले, जसे दारातल्या वासराला करतात.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "दोघींचंही ऐकलं."

तसे नांगरलेले शेत मी पुन्हा पाहिलेले नाही. ओल्या मातीतून फाळ जात होता आणि मागे तास चकचकीत, सलग, सुरीने साबण कापावा तसे पडत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळंब्यात. चराच्या काठाची एक अरुंद पट्टी तेवढी राहिली, कारण तिथे घोड्यांचे पाय रुतत होते. मी निघाले त्या रविवारी फाटकावर नेहमीपेक्षा अधिक माणसे होती. कोणी हसत नव्हते. शेजारी बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, की याहून सरळ काम त्याने पाहिलेले नाही. मैत्रिणीच्या आईने त्या दुपारी सर्वांना चहा दिला. मी नमुन्यांच्या बाटल्या बांधून लंडनला परतले.

शरद ऋतूत मी पुन्हा गेले. नमुने हवे होते, आणि मैत्रिणीला सोबत हवी होती. सातू उगवला होता तो ठिगळाठिगळांनी, आणि वीतभर होऊन पिवळा पडला होता. त्याची कापणी झालीच नव्हती. तास अजून तसेच होते, सरळ, परंतु आता ते दगडाचे होते. ढेकळावर बूट आपटला तर बूट मागे येई. एका घोड्याचा खूर त्यावर चिरला होता. कारभाऱ्याने कळवले होते, की पुढच्या वर्षी हे कूळ राहणार नाही. पीक न आल्याचे कारण त्याने मान्य केले होते. तरीही ज्याच्या हाती भांडवल उरलेले नाही, त्याला जमीन देऊन मालकाला काय मिळणार, हा हिशेब त्याच्या दृष्टीने सरळ होता.

मैत्रिणीच्या वडिलांनी मला एकटीला चराच्या काठाशी नेले. न नांगरलेली ती पट्टी हिरवी होती. बहुतेक खाऱ्या जागेतले तणच, पण मधूनमधून खरे गवत होते, आणि पेरताना वाऱ्याने उडालेल्या दाण्यांतून सातूची काही रोपे कणसाला आली होती. मी खाली बसून माती उचलली. ती हातात फुटली. मी तिचा वासही घेतला; तो मातीचाच होता.

"सगळं शेत असंच ठेवलं असतं," ते म्हणाले, "तर हे सगळीकडे आलं असतं?"

मी धीराचे काहीतरी म्हणणार होते. मग मला कळले, की त्यांनी सांत्वन मागितलेले नाही. "पुढच्या वर्षी नाही," मी म्हणाले. "त्याच्या पुढच्या वर्षी बहुधा. हो."

ते मान हलवत राहिले. "आणि तोवर मला इथं कोण राहू देणार होतं?"

 माझ्या समीकरणात हे पद नव्हतेच. राईला वडील थांबू शकले, कारण खाचरे आमची होती आणि ती दोन वर्षे मिठागराने आम्हांला जेवू घातले. थांबणे ही जमीन सुधारण्याची पद्धत मी सांगितली होती. थांबायला पोट कशाने भरायचे, हे त्या पद्धतीत लिहिलेले नसते. त्या पट्टीच्या मातीवर माझ्या प्रबंधाचे सर्वांत चांगले प्रकरण उभे राहिले. शेजारी-शेजारी, एकाच पाण्यात बुडालेली, एक उलथलेली आणि एक न उलथलेली माती कोणत्याही प्रयोगशाळेला मागून मिळाली नसती. परीक्षकांनी त्याचे विशेष कौतुक केले, आणि त्याच जोरावर मला मुंबईत नोकरी मिळाली.

युद्ध पेटण्याच्या थोडे आधी मी परत आले. पहिल्या हिवाळ्यानंतर मैत्रिणीने कळवले, की वडील न्यूमोनियाने गेले. गाव त्यांनी सोडले नव्हते. उंचावरच्या त्या शेजाऱ्याकडेच ते नांगऱ्या म्हणून रोजावर राहिले होते, आणि शेवटपर्यंत त्याची शेते फाटकावरून बघायला लोक येत.

ही बातमी आली त्या रविवारी मी राईला होते. वडील बांधावर होते. बांधाला खेकडे बिळे पाडतात, आणि भरती चढायच्या आत ती चिखलाने बुजवावी लागतात, नाहीतर त्यांतूनच पाणी वाट काढते. मी बांधावर बसून त्यांना ती सगळी हकीगत प्रथमच नीट सांगितली. ते चिखल दाबत ऐकत होते. नांगरापाशी मी पोहोचले तेव्हा त्यांचा हात थांबला.

"खारान नांगर घातला?" ते म्हणाले. "येरा हाय का त्यो?" आमच्या बोलीत येरा म्हणजे वेडा.

त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"कोनी सांगला न्हाय त्याला?"

"मी सांगितलं, बाबा."

"मंग?"

"ऐकलं त्यांनी. तरी घातला."

वडिलांनी खाडीकडे पाहिले. पाणी फिरले होते. खाजणाच्या झुडपांच्या बुंध्यांशी फेस लागू लागला होता. मग त्यांनी विचारले, "जमीन कोनाची व्हती?"

"मालकाची. ते कूळ होते."

त्यांनी चिखलाचा आणखी एक गोळा उचलला, बिळात घातला आणि मुठीने आत खोलवर दाबला.

"मंग येरा न्हवता," ते म्हणाले, आणि पुढच्या बिळाकडे सरकले.