डोलकाठीखालचं लाकूड

मोडक्या डोलकाठीचा खुंट आज माझ्या धाकट्या भावाने, वसंताने, होडीतून उपसून काढला. खालचं सागाचं लाकूड पाणी पिऊन काळं पडलं होतं. पटाशी लोण्यात जावी तशी आत गेली.

"वरून रंग बघ, नवरीसारखा!" तो हसला.

शिडात वारा भरला की डोलकाठी खाली जोराने दाबते. म्हणून कुजकं लाकूड चांगल्या वाऱ्यातच दगा देतं. वसंताने शीड उतरवायला उशीर केला म्हणून डोलकाठी कोसळली, असं गाव म्हणत राहिलं. मीही कधी नाही म्हटलं नाही.

"लाकूड मऊ झालेलं मला ठाऊक होतं," मी म्हणालो. "भेगांत लांबी भरून वरून रंग मीच मारला."

पटाशी थांबली.

"आईला तरी सांगायचंस, दादा. डोळे मिटेपर्यंत तिने मला होडीला हात लावू दिला नाही."