आप्पांनी अन्न सोडलं

काल सुनेने फोनवर ‘लो-कार्ब, व्हेज’ असं काहीतरी टाइप केलं आणि थोड्या वेळात माझ्या वाढदिवसाचं जेवण दारात आलं. डबे उघडता उघडता मला एकदम आप्पांची पंचाहत्तरी आठवली...

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही बंगळूरला मल्लेश्वरममध्ये राहायचो. आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, नुकतीच शुगर निघाली होती आणि डॉक्टरांनी साखर, बटाटा, भात सगळं एका दमात बंद केलं होतं. बाकीचं त्यांनी सोसलं, पण भात गेला आणि आप्पांची रयाच गेली.

पंचाहत्तरी करू म्हटलं तर म्हणाले, "तुम्ही भात ओरपणार आणि मी कोपऱ्यात काकडी चावणार. नको मला." ते मला फार लागलं. मग मी ठरवलं, त्या दिवशी कुणाच्याच पानात भात नको. जे आप्पांना, तेच सगळ्यांना.

एवढ्या माणसांचं घरी करणं जमणार नव्हतं, म्हणून कोपऱ्यावरच्या हॉटेलातून पार्सल. पण बंगळूरच्या हॉटेलात भात टाळायचा म्हणजे... बोर्डावर सगळे भातच, त्यांच्या भाषेत ‘बाथ’: बिसिबेळे बाथ, वांगी बाथ, टोमॅटो बाथ. शिरा मागावा तर तोही केसरी बाथ.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. नन्सनी काटा-चमचा कसा धरायचा ते शिकवलं, कन्नड नाही. ‘बेडा’ म्हणजे नको, एवढ्या भांडवलावर मी "नो राइस प्लीज, भात बेडा" करत राहिले.

गल्ल्यावरचे मालक गोंधळले. शेवटी त्यांनी विचारलं, "अन्न बेडवा?" तेव्हा कळलं, कन्नडमध्ये अन्न म्हणजे नुसता शिजवलेला भात. आपल्यासारखं सगळं जेवण नव्हे. मी हो म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे इतक्या करुणेने पाहिलं... भाताशिवाय जेवण होतं तरी कसं, अशी त्यांची खरीखुरी शंका होती.

तरी बेत छान जमला. मुगाच्या डाळीची कोसंबरी, खोबरं घातलेली बीन्सची भाजी, भरली वांगी, पनीर आणि गोडाच्या जागी मसाला ताक.

आमचा फोन त्या आठवड्यात बंद पडला होता, म्हणून निमंत्रणांचं काम शेजारच्या सुमाक्काने अंगावर घेतलं. भात नसणार हेही आधीच सांगून ठेव, असं मी तिला बजावलं. सुमाक्का मराठीच, पण चार पिढ्या बंगळूरच्या. तिच्या मराठीत कन्नड कुठे सुरू होतं ते तिलाही कळायचं नाही. "सरी, सांगते सगळ्यांना. तू आता स्वल्प बस गं," म्हणाली. मी निर्धास्त.

शनिवारी पाहुणे आले ते चपलासुद्धा आवाज न करता काढत. फिक्या साड्या, पडलेले चेहरे, दबके आवाज. आमच्या मराठी मंडळातल्या एका वहिनींनी माझा हात धरला आणि धीराची आहेस हो, म्हणाल्या. मला वाटलं, एवढ्यांचं जेवण मागवलं त्याचं कौतुक चाललंय.

तेवढ्यात दारात हणमंतकाका दिसले. आप्पांचे हे जिवलग मित्र, बंगळूरबाहेर होसकोट्याला राहणारे. पण मंडळाच्या गणपतीत प्रसादाला मसालेभात करायचा की बिसिबेळे यावरून दोघांचं वाजलं होतं, आणि तेव्हापासून अबोला. आप्पांनीच नको म्हटलं म्हणून आम्ही त्यांना बोलावलं नव्हतं. काकांच्या हातात गंगाजलाचा सीलबंद गडू होता...

आतल्या खोलीत आप्पा नवं धोतर नेसून कोसंबरीची दुसरी वाटी संपवत होते.

काका उंबऱ्यातच थिजले. "वसंता, तू खातोयस?"

"मग? वाढदिवस आहे माझा."

"अरे, तू अन्न सोडलंस असं मंडळातून कळलं. दोन बस बदलून आलो मी."

"सोडलंय की. डॉक्टरांनीच सोडायला लावलं."

सगळ्यांच्या माना सुमाक्काकडे वळल्या. तिने एकेकाला फोन करून अगदी प्रेमाने सांगितलं होतं, "आप्पांनी अन्न सोडलंय, शनिवारी सगळे येऊन जा." ती अजूनही निरागसपणे विचारत होती, "मग त्यात काय चुकलं? सोडलंयच ना?"

आप्पांना हसताना ठसका लागला. काका मात्र गडू छातीशी धरून रागाने बघत होते... आणि बघता बघता त्यांचेच डोळे भरून आले.

आप्पांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. "बस, हणम्या. आज माझा मसालेभात नाही आणि तुझं बिसिबेळेही नाही. सुनेने भांडायला काही ठेवलंच नाही."

काका बसले. भरलं वांगं दोनदा मागून घेतलं आणि वर मिळमिळीत आहे असंही म्हणाले. आप्पांनी त्या दिवशी भाताचं नावही काढलं नाही.

गडू मात्र आप्पांनी ठेवून घेतला, कधीतरी लागेलच म्हणून. पुढे कितीतरी वर्षं तो आमच्या देव्हाऱ्यात होता. काका होसकोट्याहून आले की आधी आत जाऊन त्याचं सील तपासायचे, आणि मगच आप्पांशी भांडायला बसायचे.

सुमाक्का, तू जिथे असशील तिथे... तुझं मराठी असंच राहू दे गं.