ॲथलोनच्या दुकानात माझा पडदा

मी सांगत होते तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. चौथी शिकलेली बाई, तिला काय कळतंय. पण त्या सहा आठवड्यांच्या दुकानातले किस्से मशीनखालच्या कातरणासारखे साचलेत, झाडले तरी निघत नाहीत.

नवरा इथे आयर्लंडमध्ये, ॲथलोन गावात, हॉटेलात स्वयंपाकी, मी घरी ब्लाउज शिवायची. दोन हजार एकवीसच्या दिवाळीआधी माझ्या एका गिऱ्हाइकाने, केतकीने, सहा आठवड्यांपुरता गाळा घेतला. कापड दुकानात बघा, मापं वेबसाइटवर भरा, ब्लाउज मी शिवणार.

दुकानाचा नकाशा तिच्या नवऱ्याने, नचिकेत देवधरने काढला. मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात इंजिनियर. कापडं दाखवायला भिंतभर टीव्ही, कोपऱ्यात माझं मशीन.

"ट्रायलचा पडदा कुठेय?"

"मावशी, मापं ऑनलाइन येणार. ट्रायल लागतच नाही."

"ब्लाउज आहे तो. कुरियरचं खोकं नाही."

पडदा मिळाला नाही.

*

पहिल्याच दिवशी मोरीन नावाची आयरिश आजी आली. टीव्हीतल्या खणावर हात फिरवत मास्कआडून विचारते, "मऊ आहे का?" मी माझी बाही पुढे केली. "ग्रँड," म्हणाली, हेच पाहिजे.

नचिकेत म्हणाला, "हे कापड सिस्टीममध्ये नाही."

"मी तरी कुठे आहे?"

*

पहिले दहा ब्लाउज गेले, दहाही ढगळ म्हणून परत.

"लोक स्वेटरवरून मापं घेतायत," मी म्हटलं.

"इंजिनियर माणसं आहेत मावशी. मिलिमीटरमध्ये पाठवलंय."

"मग स्वेटर मिलिमीटरमध्ये मोजलाय."

त्याच दुपारी मी जुनी साडी दांडीवर टांगली. झाला पडदा. ल्यूकनहून एक डॉक्टरीणबाई ब्लाउज परत करायला आल्या, त्यांना आत नेऊन स्वेटर काढायला लावला. माप चार इंच कमी.

"मिस्टरांनी घेतलं होतं माप," त्या म्हणाल्या.

"लग्नाला किती वर्षं झाली?"

*

तरी नचिकेतला पटेना. त्याच्या कारखान्यात काही बिघडलं की फॉर्मवर मूळ कारण लिहितात. तसा फॉर्म त्याने काउंटरवर ठेवला, माझ्याकडे बघत. "एकच नाव लिहायचं. शिलाई चुकत असेल तर मशीन घरी जाईल, तयार ब्लाउज मागवू."

"लिही. पण माप घ्यायला लोकांना शिकवलं कुणी, ते आधी दाखव."

केतकीने वेबसाइटवरचा व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावला. गिऱ्हाइकंही बघत उभी राहिली. मानेपासून कमरेपर्यंत एक बाई, अंगात जाड लोकरी स्वेटर, त्यावरून टेप.

"कोण ही बया?" नचिकेत म्हणाला. "हिनेच वाट लावली सगळ्यांची."

"अरे, आई आहेत तुझ्या," केतकी हळूच म्हणाली. "लॉकडाऊनमध्ये इथे अडकल्या होत्या ना, तेव्हा काढलेला. थंडी वाजते, स्वेटर काढणार नाही म्हणाल्या."

नचिकेतने पेन खाली ठेवलं. मी उचललं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: शालिनी देवधर.