डबा भंगारात जाणार नाही

मनीषाला कुणी ‘तुला नाही जमणार’ म्हणायचा अवकाश, बाईने पदर खोचलाच समजा! बुऱ्हाणपुरातल्या तिच्या सासरी हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त धाकटा दीर भूपेंद्र दरवेळी विसरायचा.

घराच्या पुढच्या खोलीत मनीषा मुलींना कॉम्प्युटर शिकवायची. फोपनार गावच्या तृप्तीसारख्या, केळीच्या मळ्यातून थेट बस पकडून येणाऱ्या मुली. कॉम्प्युटर एकच, तोही म्हातारा. उन्हाळ्यात त्याची जुनी विंडोज बसली ती उठलीच नाही, आणि नवी त्याला पेलेना. भूपेंद्रचं नळ-पाईपांचं दुकान. त्याचा या खोलीवर डोळा होताच.

“वहिनी, दसऱ्यापर्यंत हा डबा चालू झाला तर ठीक. नाही तर डबा भंगारात आणि माझा माल इथे!”

सासू मालूबाईंनी मान डोलावली. त्या घरात त्यांचा होकार म्हणजे शेवटचा शब्द.

मनीषाने विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं ठरवलं. ते फुकट मिळतं आणि जुन्या मशीनवरही चालतं, एवढं तिला माहीत होतं. पेनड्राइव्ह लावला, काम सुरू झालं, काम किती झालं ते दाखवणारी पट्टी अर्ध्यावर आली आणि स्क्रीन काळी! तिने लिनक्स पुन्हा उतरवून घेतलं, पेनड्राइव्ह बदलला. पुन्हा तेच.

“काय करून राहिल्या, वहिनी?” भूपेंद्र दारातून म्हणाला. “मढ्याला किती बी न्हाऊ घाला, उठतं का ते?”

“तुमच्या दुकानातला नळ गळला तर नळ फेकता का वायसर बदलता, भाऊजी?”

तिला रडू येत होतं. पण भूपेंद्रसमोर रडेल तर ती मनीषा कसली! तो गेल्यावर मात्र तिने डोळे पुसले, कारण क्लास बंद झाला तर तृप्तीच्या घरचे तिला पुन्हा शहरात पाठवणार नव्हते.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली. मशीन बराच वेळ बंद ठेवून लावलं तर पट्टी पुढे सरकायची, लगेच लावलं तर लवकर बंद पडायचं. तापतं की काय मेलं? पण कशानं?

खंडेनवमी आली. मालूबाई पूजेचं ताट घेऊन निघाल्या. विळी झाली, शिलाई मशीन झालं, भूपेंद्रच्या पकडी, पेचकस झाले. मग दरवर्षीप्रमाणे कॉम्प्युटरच्या डब्यावर त्यांनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. वरच्या जाळीतून एक तांदूळ आत गेला. टुक!

“थांबा, आई!”

मनीषाने पूजेतला पेचकसच उचलला. स्क्रू काढून झाकण उघडलं, तर अगं बाई! वर्षानुवर्षांचं हळदकुंकू धुळीत मिसळून पंख्यावर लिंपलं होतं, पात्यांत अक्षता रुतल्या होत्या. पंखा बोटानेही हलेना. आतून तापलं की मशीन आपणच बंद पडत होतं.

भूपेंद्र खो खो हसला. “म्हणजे आईनंच मारलं!”

मालूबाईंचं तोंड एवढंसं झालं. मनीषाचं डोकं फिरलं.

“मारलं नाही, भाऊजी! देव समजून पूजलं. भंगार तुम्ही म्हणालात.”

दात घासायच्या जुन्या ब्रशने तिने पातं न पातं साफ केलं. पंखा फिरला. पेनड्राइव्ह लावला. मालूबाई स्वयंपाक टाकून शेजारी पाटावर बसल्या, हात जोडून. पट्टी अर्ध्यावर आली. अर्ध्याच्या पुढे गेली. शेवटाला टेकली, आणि स्क्रीनवर मराठीत ‘स्वागत’ उमटलं. मनीषा हसता हसता रडली. आता कुणी बघितलं तरी तिला पर्वा नव्हती.

दसऱ्याला सकाळीच पाईपांनी भरलेली हातगाडी दारात उभी! भूपेंद्रने हमालाला आधीच सांगून ठेवलं होतं, वहिनीला जमणार नाही याची त्याला इतकी खात्री. मालूबाई ताट घेऊन बाहेर आल्या. टिळ्यासाठी त्याने कपाळ पुढे केलं. त्या त्याला ओलांडून गेल्या आणि त्यांनी खोलीच्या चौकटीला कुंकवाची पाचही बोटं उमटवली.

“मशीनवर हळदकुंकू नाही टाकणार आता. खोलीची पूजा केली, मनीषाच्या खोलीची. गाडी माघारी ने, भूप्या. आणि येताना मशीनला नवा पंखा आण. जुना कुरकुर करतो.”