दुखवट्याचं कापड

फेब्रुवारी १९६६, शेवटचा रविवार. अकोल्याला मनोहरच्या घरी त्याचीच तेरवी. हजर: त्याचे थोरले भाऊ आणि वहिनी, दोघे पुतणे, अमरावतीहून आम्ही तिघी मावसबहिणी, शाळेतले त्याचे सोबती मास्तर, त्याची पुस्तकं छापणारे प्रकाशक. घरातलं कार्य कोणतंही असो, याद्या माझ्याकडेच असतात. ही यादीही मीच केली. तीत मोतीराम नव्हते.

मनोहर म्हणजे शेखर या गुप्तहेराच्या रहस्यकथा लिहिणारा, एवढं वाचकांना ठाऊक असेल. शाळेत भूगोल शिकवायचा आणि सुट्टीत खून लिहायचा. पहिली कथा त्याने मला चिखलदऱ्याला वाचून दाखवली. खुनी कोण ते मी मध्येच सांगून टाकलं, तर रुसून जेवला नाही! शेखरची रीत मला फार आवडे. फौजदार आधी घरमालकाची जबानी घेई, शेखर मात्र थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जाई. "जो वाढतोय, त्याला अजून कुणी काही विचारलेलं नसतं," असं तो म्हणे.

शेखर लग्न का करत नाही, अशी पत्रं प्रकाशकांकडे येत. मग एका कादंबरीत मनोहरने तोच प्रश्न एका बाईच्या तोंडी घातला. शेखर त्याच्याबरोबर राहणाऱ्या सोबत्याकडे बोट दाखवून म्हणतो, "माझा संसार आहे की. तो काय, समोर सुपारी कातरतोय." प्रकाशकांना तो विनोद वाटला, म्हणून छापला गेला. मी तर हळदीकुंकवाला तो उतारा मोठ्याने वाचला. बायका हसून बेजार. हे मनोहरला कुणीतरी सांगितलं... त्या दिवाळीला तो अमरावतीला आला नाही.

सुपारी मोतीराम कातरत. दर्यापूरकडचे, घरची काळी जमीन. ती भावांवर सोपवून ते अकोल्याला मनोहरबरोबर राहिले ते अखेरपर्यंत. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, तो संसारच होता. आम्हा सगळ्यांना ते कळत होतं. आम्ही त्यांना 'मनोहरचे पाहुणे' म्हणत होतो.

तेरवीसाठी दुखवट्याची कापडं मी आणली. ज्याचं माणूस गेलं, त्याला आप्तांनी ती द्यायची. भावाला धोतर, वहिनींना लुगडं, पुतण्यांना सदऱ्याचं कापड. मोतीरामांना मी म्हटलं, "तुम्ही पंगतीकडे बघा बरं." त्यांनी सगळ्यांना वाढलं. थोरले भाऊ पानावरून ओरडत होते, "ओ पाहुणे, वरण इकडं!"

निघताना मी मोतीरामांना समाधानाने म्हणाले, "सगळं नीट पार पडलं हो."

"पडलं ना ताई," खांद्यावरचा पंचा काढत ते म्हणाले. "पण शेखर आला असता, त पयले माह्याकडंच आला असता."

ते जेवले होते का, हेही मी विचारलं नव्हतं.

पुढे मनोहरच्या थोरल्या भावांनी घर रिकामं केलं. मनोहरची आठवण म्हणून अडकित्ता मला दिला. मनोहरने जन्मात सुपारी खाल्ली नाही. मोतीराम तोवर दर्यापूरला परतले होते.

नंतर मी एक धोतरजोडी आणली. कपाटात ठेवली आहे, वर तो अडकित्ता. दर्यापूरची बस आमच्या घरावरून जाते. आधी परीक्षा होत्या, मग लग्नसराई... तेरवीच्या बाकी सगळ्या कामांवर काट मारून झाली. एवढं एक राहिलं आहे.